हयातीचा दाखला आणि हातांतला फोन

सेवानिवृत्त मनुष्यास रोजच्या व्यवहारांत स्मार्टफोनची गरज आहे काय, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित घरांत वारंवार निघतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आतां याच्यावांचून चालायचें नाहीं’. वडील म्हणतात, ‘आजवर चाललें, पुढेंहि चालेल.’ दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलत असतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाहीं. आमच्या मतें याचें कारण असें कीं, हा प्रश्न आवडीनिवडीचा समजून सोडविण्याचा यत्न होतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. गरज ही आपोआप उत्पन्न होत नाहीं. कोणीतरी, कोणत्यातरी सालीं, एखादी खिडकी उघडून किंवा एखादी बंद करून ती निर्माण केलेली असते. पेन्शनर आणि त्यास पैसे देणारें सरकार यांच्यामधील व्यवहार गेल्या दोनशें वर्षांत कसकसा बदलत गेला हें पाहिलें, म्हणजे या नव्या यंत्राचें खरें स्थान ध्यानांत येतें.

महाराष्ट्राच्या इतिहासांत पेन्शन ही गोष्ट ठळकपणें पुढें येते ती पराभवाच्या प्रकरणांत. ३ जून १८१८ रोजीं दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्यास सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक ठरली, आणि तो ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. २८ जानेवारी १८५१ रोजीं तो वारला, तेव्हां दत्तकपुत्र नानासाहेब यांनीं ती नेमणूक पुढें चालविण्याची मागणी केली. डलहौसीच्या सरकारनें ती फेटाळली. अझीमुल्लाखानास वकील म्हणून थेट लंडनला पाठविलें, त्याचाहि उपयोग झाला नाहीं. या एका उदाहरणांत जुन्या पेन्शनचें सारें मर्म आहे. तें देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि घेणाऱ्याच्या प्राणाबरोबर संपत असे. जें प्राणाबरोबर संपतें तें देतांना देणारा प्रथम एकच प्रश्न विचारणार: तुम्ही अद्याप जिवंत आहां काय? पेन्शनच्या कारभाराचा इतिहास म्हणजे बहुतांशीं या एका प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास होय.

इंग्रजी अमदानींत हें उत्तर देण्याचा मार्ग सरळ होता. पेन्शनरानें स्वतः ट्रेझरींत हजर व्हावें, अंमलदारानें कागदावरील वर्णनाशीं व शरीरावरील खुणांशीं त्यास ताडून पाहावें, आणि मग पैसे द्यावे. परंतु त्या कडक नियमांतहि एक कलम दयेचें होतें. आजारी वा अपंग असल्यामुळें ज्यास येववत नाहीं, जी स्त्री पडद्यांत राहते, अथवा ज्याचा दर्जा मोठा आहे, अशांनीं स्वतः न येतां जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचा हयातीचा दाखला पाठविला तरी चाले. दर्ज्याची सवलत आज कोणी मान्य करणार नाहीं. पण त्या नियमामागील तत्त्व मात्र ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जो येऊं शकत नाहीं त्याच्याकरितां दुसरी वाट असलीच पाहिजे, हें त्या परकीय सरकारासहि कळत होतें.

याच प्रश्नाच्या पोटीं एका मोठ्या शोधाची हकीकत दडलेली आहे. विल्यम हर्शेल या बंगालमधील मुलकी अधिकाऱ्यानें १८५८ सालीं जंगीपूर येथें राज्यधर कोनाई नांवाच्या ठेकेदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला, आणि सहीबरोबर त्याच्या पंजाचा शाईचा ठसाहि कागदावर उमटवून घेतला. हेतु एवढाच कीं, माणूस आपल्या शब्दास मागाहून नाकबूल होऊं नये. पुढें हुगळीस मॅजिस्ट्रेट असतांना १८७७ सालीं त्यानें हीच युक्ति पेन्शनरांस लावली. पेन्शनर मेल्यावर दुसराच कोणी त्याच्या नांवानें उभा राहून पैसे उचली, त्यास आळा घालण्यासाठीं पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घेण्यांत येऊं लागले. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमांनीं ठशांच्या वर्गीकरणास शास्त्राचें रूप आलें. ज्या विद्येनें पुढें जगांतील गुन्हेगार पकडले, तिच्या बाल्यावस्थेंतील प्रयोग निरुपद्रवी म्हाताऱ्या पेन्शनरांवर झाले, ही गोष्ट विलक्षण खरी. पण आजच्या ‘बायोमेट्रिक’ पद्धतीची वंशावळ मागें नेऊं लागलें, तर ती हुगळीच्या कचेरीपर्यंत जाऊन पोंचते.

आतां दुसऱ्या बाजूनें, म्हणजे दळणवळणाच्या साधनांच्या बाजूनें, याच काळाकडे पाहूं. १ ऑक्टोबर १८५४ पासून अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र हिंदुस्थानांत कितीहि दूर जाऊं लागलें. १८७९ सालीं पाव आण्याचें कार्ड आलें, १८८० सालीं मनीऑर्डर, १८८२ सालीं पोस्टांतील बचत बँक. तार तर १८५५ पासूनच लोकांस खुली झाली होती. हीं साधनें त्या काळीं आजच्या स्मार्टफोनइतकींच नवीं व अद्भुत होतीं. आणि तीं ज्या देशांत आलीं तेथें बहुसंख्य लोकांस अक्षरओळख नव्हती. असें असतां तीं रुजलीं कशीं? तीं रुजलीं, कारण यंत्र आणि माणूस यांच्यामध्यें दुसरा एक माणूस उभा होता. मुंबईच्या मोठ्या पोस्टापुढें बसणारा लेखनिक गिरणी कामगाराचें पत्र लिहून देई व मनीऑर्डरीचा फॉर्म भरी. कोंकणांतल्या गांवीं पोस्टमन तें पत्र म्हातारीस वाचून दाखवी, पैसे तिच्या हातांत मोजून देई व आंगठा उठवून घेई. कोंकण मनीऑर्डरीवर जगतें असें म्हणत. परंतु मनीऑर्डर स्वतः त्या पोस्टमनच्या पायांवर चालत होती हें विसरतां कामा नये. तार पाठविणाऱ्यास मोर्सची लिपी यावी लागत नसे. ती तारमास्तरास येई. साधन कितीहि गुंतागुंतीचें असो, तें वापरण्यासाठीं नागरिकास स्वतः शिकावें लागत नसे.

टेलिफोनच्या बाबतींतहि फार काळ असेंच होतें. १८८२ सालीं मुंबईंत टेलिफोनचें एक्सचेंज निघालें. पण मध्यमवर्गीय घरांत फोन येण्यास पुढें सुमारें शंभर वर्षें लागलीं, आणि त्यासाठींहि वर्षानुवर्षें यादींत नांव घालून बसावें लागे. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्यामध्यें एस्टीडीची सोय झाली. १९८० नंतरच्या दशकांत पिवळ्या पाटीचीं एस्टीडी-पीसीओचीं दुकानें रस्तोरस्तीं दिसूं लागलीं. परगांवच्या मुलाशीं बोलावयास वडील रात्रीं उशिरा, दर उतरल्यावर, त्या कांचेच्या पेटींत जाऊन उभे राहत. तेथेंहि गल्ल्यावर एक माणूस असे. नंबर लागला नाहीं तर तोच पुन्हां लावून देई. ३१ जुलै १९९५ रोजीं ज्योति बसूंनीं कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशीं पहिलें मोबाइल संभाषण केलें, तेव्हांपासून तो मधला माणूस हळूहळू दिसेनासा होऊं लागला. तथापि साधा मोबाइल हा अखेर टेलिफोनच होता; बटणें दाबावीं व बोलावें, याहून अधिक तो कांहीं मागत नसे.

स्मार्टफोनचें वेगळेपण येथें सुरू होतें. तो नुसता बोलण्याचें साधन नाहीं. तीच बँक, तेंच तिकीटघर, तीच ट्रेझरी, आणि त्या सर्व कचेऱ्यांतला कारकून मात्र आपला आपणच. हा बदल आपल्याकडे फार थोड्या वर्षांत झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं पहिला आधार क्रमांक देण्यांत आला. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं ‘जीवन प्रमाण’ या नांवानें हयातीच्या दाखल्याची डिजिटल योजना निघाली. एप्रिल २०१६ मध्यें यूपीआय आलें, आणि त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनें लोकांस त्याच्याकडे लोटलें. याच सुमारास जुन्या खिडक्या मिटत होत्या. जुलै २०१३ मध्यें तारखातें बंद झालें. २०२५ सालापासून रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा राहिली नाहीं, ती स्पीड पोस्टांत विलीन झाली.

‘जीवन प्रमाण’ योजनेचा इतिहास यांत विशेष बोधप्रद आहे. प्रथम तिच्यांत बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बाहुली यांवरून ओळख पटवीत. म्हणजे हर्शेलचीच पद्धत विजेवर चालूं लागली होती. परंतु उतारवयांत बोटांच्या रेषा झिजतात. जन्मभर हातांनीं कष्ट केलेल्यांच्या तर फारच. जिवंत मनुष्य समोर बसला आहे आणि यंत्र त्यास ओळखीत नाहीं, असे प्रसंग येऊं लागले. यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्यें चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली, आणि ती साध्या स्मार्टफोनवर चालते. अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास आतां खाटेवरूनच आपली हयाती सिद्ध करतां येते. हा लाभ लहान नव्हे. जुन्या ट्रेझरीच्या नियमांतील दयेचें कलम या यंत्रानें सर्वांस लागू केलें, असें म्हटलें तरी चालेल. परदेशीं असलेल्या नातवंडांचें मुख पाहणें, मंद दृष्टीच्या मनुष्यास अक्षर मोठें करून घेतां येणें, औषधें घरपोंच मागविणें, हे लाभहि कोणी नाकारूं नयेत. ‘आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें’ हा युक्तिवाद नव्हे. आमच्या वेळीं मुलें जवळ राहत होतीं.

पण जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूहि मांडली पाहिजे. पूर्वीं पेन्शनर ट्रेझरींत लुबाडला गेला, तर लुबाडणारा समोर दिसत असे. आतां तो दिसत नाहीं; क्वचित् दिसतो तो पोलिसाच्या गणवेषांत, फोनच्या पडद्यावर. ‘डिजिटल अटक’ या नांवाचा जो प्रकार माजला, त्याबद्दल २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं खुद्द पंतप्रधानांस आकाशवाणीवरून सावधगिरीची सूचना द्यावी लागली. अशी अटक कोणत्याहि कायद्यांत नाहीं. तरीहि जन्मभर सरकारी कागदाचा मान राखण्याची ज्यास संवय लागली आहे, त्याच्यावर सरकारी शिक्क्याच्या खोट्या कागदाची जरब सर्वांत अधिक बसते. जो गुण नोकरींत भूषण होता तोच येथें घातक ठरतो. फसवणुकीची तक्रार तत्काळ करण्यासाठीं १९३० हा क्रमांक आहे, तो प्रत्येक घरांत लिहून ठेवलेला असावा. दुसरा खर्च परावलंबनाचा. ज्यास तें यंत्र येत नाहीं, त्याचा गुप्त क्रमांक मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या हातीं जातो. आणि जो मनुष्य काल स्वतः आपलें पासबुक भरून आणीत होता, तो आज आपल्या खात्यांत किती पैसे आहेत हें दुसऱ्यास विचारतो.

मग उपाय कोणता? उपाय नवा नाहीं. दोन दारें उघडीं ठेवणें हाच तो. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील लोकांस करोनाची लस मिळूं लागली, तेव्हां नोंदणी फोनवरूनहि होई व केंद्रावर प्रत्यक्ष जाऊनहि होई. उलट अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस आरंभीं केवळ ऑनलाइन नोंदणीची अट घातली, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं सरकारला खडा सवाल केला कीं, ज्यांच्याजवळ हें साधन नाहीं त्यांनीं काय करावें? ९ नोव्हेंबर २०१७ रोजीं रिझर्व्ह बँकेनें सत्तर वर्षांवरील ग्राहकांस रोकड, चेकबुक, हयातीचा दाखला इत्यादि सेवा घरपोंच देण्याविषयीं बँकांस सूचना दिल्या. मार्च २०२२ मध्यें साध्या बटणांच्या फोनवरहि यूपीआय चालेल अशी योजना झाली. यावरून दिसतें कीं, स्मार्टफोनवांचून कामें करणें अशक्य नाहीं. इच्छा असेल तेथें वाट निघते. हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. २०२२ च्या आरंभीं स्पेनमध्यें कार्लोस सान हुआन या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त डॉक्टरानें बँकांच्या बंद होणाऱ्या खिडक्यांविरुद्ध एक विनंतिपत्र काढलें. ‘मी म्हातारा आहें, मूर्ख नाहीं’ अशा अर्थाचें त्याचें घोषवाक्य होतें. सहा लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि तेथील बँकांस खिडक्यांची वेळ वाढविण्याचें कबूल करावें लागलें.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष काढतांना एक तारीख विसरतां येत नाहीं. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नाकरा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खैरात नव्हे. तें केलेल्या सेवेमुळें प्राप्त झालेला हक्क आहे. त्या पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. ब्रह्मावर्ताच्या दारीं जी नेमणूक मर्जीनें चालली व मर्जीनें थांबली, तिच्यापासून येथवरचें अंतर सुमारें एकशें तीस वर्षांचें आहे, आणि तें फार कष्टानें कापलें गेलें आहे. ३० एप्रिल २०२५ रोजीं त्याच न्यायालयानें डिजिटल सेवा सर्वांस वापरतां येणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला, डोळे मिटतां-उघडतां न आल्यामुळें यंत्रास जिवंतपणा पटवितां न येणाऱ्या लोकांनीं आणला होता.

तेव्हां ज्यास जमतें व आवडतें त्यानें स्मार्टफोन अवश्य घ्यावा, आणि मुलांनीं तो नुसता विकत आणून न देतां चार वेळां न रागावतां शिकवावा. ज्यानें आपणांस पाढे शिकविले त्यास एवढा वेळ देणें ओझें होऊं नये. परंतु ज्यास तो नको, त्याच्यावर तो लादला जाऊं नये, व त्याच्यावांचून त्याचें एकहि काम अडूं नये. हक्काची वस्तु मिळविण्यासाठीं प्रथम बाजारांतली दुसरी वस्तु खरेदी करावी लागत असेल, तर तो हक्क पुन्हां मर्जीच्या दिशेनें सरकूं लागला असें समजावें. पेन्शनरांच्या संघांनीं महागाईभत्त्याबरोबरच बँकेंतल्या आणि पोस्टांतल्या त्या एका खिडकीसाठींहि भांडावें. कारण ती एकदां मिटली म्हणजे पुन्हां उघडत नाहीं, हें तारखात्यानें आपणांस शिकविलें आहे.