ब्रॉडबँड आमच्या एक्स्चेंजला कधी आलं? कित्तूर आणि खानापूरच्या निमित्ताने

बेळगाव जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण हलशीच्या कदंबांपासून सुरुवात करतो, कित्तूरच्या राणी चन्नम्माचा 1824 चा लढा सांगतो, नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबतो आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेवर येऊन तास दोन तास वाद घालतो. त्यापुढचं सगळं ‘कालपरवाचं’ म्हणून सुटतं. मी आज तसाच एक कालपरवाचा विषय घेतो आहे: गावच्या टेलिफोन एक्स्चेंजला ब्रॉडबँड येण्याची वाट. माझं म्हणणं एवढंच, की अशा गोष्टींना दोन तारखा असतात. एक दिल्लीत जाहीर होते ती, दुसरी गावच्या एक्स्चेंजपर्यंत पोचते ती. पुस्तकात पहिली छापली जाते. दुसरी कुणी लिहूनच ठेवत नाही.

या विषयात आपला जिल्हा मागास होता असं मात्र नाही. ऑगस्ट 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. सॅम पित्रोदा आणि जी. बी. मीमांसी ही तिच्यामागची प्रमुख नावं. तीन वर्षं आणि 36 कोटी रुपये एवढ्यात देशी डिजिटल एक्स्चेंज तयार करायचं, असा करार होता. खेड्यांसाठी या संस्थेनं 128 पोर्टचं छोटं एक्स्चेंज बनवलं. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची; हे यंत्र धूळ, उकाडा आणि लहरी वीज गृहीत धरूनच तयार केलेलं. त्यातलं पहिलं 1986 मध्ये बसलं ते आपल्या कित्तूरला. कित्तूरचा वाडा दाखवायला पाहुणे नेतो तेव्हा आपल्यातले किती जण ही गोष्ट सांगतात?

अशीच छोटी एक्स्चेंजं पुढे गावोगाव आली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावचं एक्स्चेंज म्हणजे एक खोली. आत कपाटाएवढं यंत्र, शेजारी 48 व्होल्टच्या बॅटऱ्या आणि भिंतीलगत एमडीएफ. सगळ्या गावच्या तारा जिथे येऊन बांधलेल्या असतात, ती चौकट म्हणजे एमडीएफ. तिथून केबल जमिनीखालून पिलरपर्यंत, पिलरवरून डीपीच्या खांबापर्यंत आणि खांबावरून ड्रॉप वायर घरात. प्रत्येक फोनसाठी तांब्याच्या दोन तारा, म्हणजे एक ‘पेअर’. हा शब्द पुढे महत्त्वाचा आहे.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं 15 ऑगस्ट 1995 ला. आमच्याकडे ते डायल-अपनं पोचलं. मोडेमची ती खरखर-किरकिर व्हायची, मग कनेक्शन लागायचं. नेट चालू तोवर फोन एंगेज. कागदावर वेग 56 केबीपीएस, पण गावच्या तारेवर तेवढा कुणी पाहिला असेल असं वाटत नाही.

तोवर चालत होतं. पण सरकारी कागद कॉम्प्युटरवर गेले आणि प्रश्न बदलला. कर्नाटक सरकारनं ‘भूमी’ योजनेत जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर घेतले. 2002 च्या सुमारास 177 तालुक्यांत खिडक्या सुरू झाल्या आणि हातानं लिहिलेला उतारा चालेनासा झाला. उताऱ्यासाठी तालुक्याला, मुलांच्या निकालासाठी, नोकरीच्या फॉर्मसाठी सायबर कॅफेला, असे हेलपाटे सुरू झाले. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाचा पावसाळ्यात एक कागद आणायला अख्खा दिवस जायचा.

14 ऑक्टोबर 2004 ला केंद्राचं ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं. किमान 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या ठरली. 2010 अखेर दोन कोटी जोडण्यांचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात त्या वर्षाच्या शेवटी आकडा 1 कोटी 10 लाखांच्या आसपास होता. 2005 मध्ये बीएसएनएलनं ‘डेटावन’ सुरू केलं, तेही शहरांपासून. बेळगावातल्या पाहुण्यांकडे नेट चालू असतानाच फोन वाजायचा, ते आम्ही बघायला जायचो.

मग गावाला उशीर का? तार तर तीच होती. गोम त्या तारेतच होती. बोलण्याला चार किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. ब्रॉडबँड त्याच तारेवरून, पण त्याहून कितीतरी वरच्या पट्ट्यात धावतं आणि तो संदेश अंतरानं झपाट्यानं क्षीण होतो. एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटरनंतर वेग घसरतो, पाचेक किलोमीटरपुढे आशाच सोडायची. आमच्या वाड्या-वस्त्या त्यापलीकडे. शिवाय एक्स्चेंजमध्ये डीस्लॅम नावाचं वेगळं यंत्र बसवावं लागतं आणि तिथपर्यंत फायबर असावं लागतं. छोट्या एक्स्चेंजसाठी डीस्लॅम कधी मंजूर होणार, हे खानापुरात ठरत नव्हतं.

त्यात आमचा पाऊस. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की बोलताना नुसती खरखर होते, पण ब्रॉडबँड पार तुटतं. ‘पेअर फ्री नाही’ आणि ‘फिजिबल नाही’ ही दोन उत्तरं आम्हाला पाठ झाली होती. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, ती टाळाटाळ नव्हती; ते त्या तारेचं अगदी नेमकं वर्णन होतं.

सीमाभागाचं एक वेगळंच दुखणं. टेलिफोनची सर्कल राज्यांप्रमाणे पडलेली. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळी ओलांडली की चंदगड तालुका, महाराष्ट्र सर्कल. रोटीबेटीचे व्यवहार तिकडे, पण आमचं एक्स्चेंज कर्नाटक सर्कलमध्ये. त्यामुळे तिकडच्या पाहुण्यानं ‘आमच्याकडे आलं की हो’ म्हणून सांगितलं, तरी आपला नंबर कधी, याचा त्यावरून काही अंदाज लागत नसे.

खेड्यांसाठी हिशेब खऱ्या अर्थानं बदलला तो जानेवारी 2009 मध्ये. सार्वत्रिक सेवा निधीतून बीएसएनएलशी करार झाला: ग्रामीण एक्स्चेंजांवरून, असलेल्याच तांब्याच्या तारांवर, पाच वर्षांत 8,88,832 जोडण्या, किमान 512 केबीपीएस. तोट्यातल्या एक्स्चेंजलाही यंत्र मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. आमच्याकडे ते आलं ते या करारानंतरच. एक्स्चेंजजवळच्या घरांना मिळालं, वाड्यांना नाही. म्हणजे एकाच गावातही दोन तारखा झाल्या.

गंमत अशी, की तार नीट चालायला लागली तोवर तिची गरज ओसरत चालली. 2016 नंतर स्वस्त मोबाईल डेटा आला, लोकांनी लँडलाईन परत केल्या. 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलचे 78 हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. कुठली केबल कुठल्या बांधावरून गेली, कुठला जॉइंट कुठल्या मोरीखाली आहे, हे ज्या लाईनमनना पाठ होतं, त्यातले बरेच त्या दिवशी घरी गेले. तो नकाशा कागदावर फारसा नव्हताच.

म्हणून मंडळाला एक सूचना. आपण शिलालेखांचे ठसे घेतो, तसे हेही कागद गोळा करूया: फोनच्या अर्जाच्या पोचपावत्या, डिमांड नोटा, जुन्या डिरेक्टऱ्या, पहिली ब्रॉडबँडची बिलं. आपापल्या गावच्या निवृत्त लाईनमनकडे बसून एक्स्चेंज कधी आलं, डीस्लॅम कधी बसला, शेवटची तार कधी काढली, एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं तारखेसकट वहीत उतरवून घ्या. कित्तूरची तारीख देशाला माहीत आहे. लोंढा, नंदगड, जांबोटी, कणकुंबीच्या तारखा ज्यांना ठाऊक आहेत ती माणसं आता सत्तरीकडे झुकली आहेत. येत्या पावसाळ्याआधी निदान दोन गावं तरी पुरी करूया.