बैलाची दाढ

दाढेचे रूट कॅनाल करताना दंतवैद्य दाढेच्या माथ्याला भोक पाडून आतल्या पोकळीत शिरतो. या पोकळीत मगज असतो, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ भाग. पोकळीचा तळ दाढेच्या मानेजवळ असतो व तेथे मुळांतल्या नळ्यांची तोंडे दिसतात. काही दाढांत मात्र हा तळ लवकर लागतच नाही. पोकळी खोल जाते, मुळे अगदी टोकाशी फुटतात. अशा दाढेला १९१३ साली ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ याने ‘टॉरोडॉन्ट’, म्हणजे बैलासारखी, असे नाव दिले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दाढांशी तिचे साम्य त्याला दिसले.

कीथसमोर रुग्ण नव्हते, निअँडरथल मानवाचे दात होते. क्रोएशियातील क्रापिना येथे गोरजानोविच-क्राम्बर्गर याने १८९९ पासून उत्खनन करून असे पुष्कळ दात मिळवले होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यामुळे जीवाश्म न फोडता आतली पोकळी पाहता आली. मग वाद पेटला. इतके वेगळे दात असणारा प्राणी आपला पूर्वज कसा असेल, असे काही जण विचारू लागले. कीथचाही कल तिकडेच होता. गोरजानोविचला हे पटले नाही.

१९२८ मध्ये शॉ याने दक्षिण आफ्रिकेतील हयात माणसांच्या दाढांत हीच रचना दाखवली आणि तिच्या सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या लावल्या. कीथचे निरीक्षण अचूक होते. आमच्या मते तो घसरला एका खुणेवरून वंशावळ मांडताना. २०१० साली तर निअँडरथलांचा डीएनए आफ्रिकेबाहेरच्या माणसांत थोडा उरलेला आढळला, म्हणजे आपल्यातही. (आपल्या अशा दाढा त्यांच्याकडूनच आल्या, असा याचा अर्थ नव्हे.)

मूळ घडताना पेशींचे एक आवरण खाली वाढते आणि एका पातळीला आत वळते. तेथे मुळे वेगळी होतात. हे वळणे लांबले की दाढेचे खोड लांब व मुळे आखूड होतात. वरून दाढ नेहमीसारखीच दिसते. त्यामुळे आधी क्ष-किरण चित्र पाहावे लागते. मगज भरपूर असल्याने रक्तही भरपूर येते, आणि दाढेला चुकून आरपार भोक पडले की काय, अशी शंका दंतवैद्याला येऊ शकते. नळ्यांची तोंडे खोलवर असल्याने सूक्ष्मदर्शकातून शोधतात. रुंद पोकळीच्या भिंतींना बारीक कानशी सगळीकडे टेकत नाहीत, म्हणून उरलेला मगज सोडियम हायपोक्लोराइटने विरघळवतात आणि पोकळीत गटापर्चा तापवून, मऊ करून भरतात.