हरिश्चंद्राची फॅक्टरी

1912 साली दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होत होता, तेव्हा त्यात काम करणाऱ्या मंडळींपुढे एक अडचण होती. नाटकवाला म्हणवून घेणेच जेथे जड, तेथे ज्या धंद्याला धड नावही नाही त्यात आपण आहोत, हे सोयऱ्याधायऱ्यांना सांगावे कसे? दादासाहेब फाळक्यांनी तोड सुचविली. कोणी विचारलेच तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत, असे सांगावे. फॅक्टरीतली नोकरी चार माणसांत सांगण्याजोगी होती. कलेला त्या काळी कारखान्याच्या आड लपावे लागले. आज, शंभराहून अधिक वर्षांनी, नेमके उलटे झाले आहे. बंद पडलेल्या गिरण्या, वखारी, गुदामे कलेचा आसरा घेऊन आपले आयुष्य वाढवू पाहत आहेत.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके नाशिकला आले. ‘लंकादहन’ येथलेच. त्यांच्या मंडळींची राहणी नाटक कंपनीच्या बिऱ्हाडासारखी होती. एकत्र राहावे, एका पंगतीला जेवावे आणि दिवसभर काम करावे. दादरला सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत, आणि रात्री फिल्मवर प्रक्रिया करावयासही त्याच हात लावीत. हल्ली ज्याला ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ म्हणतात, म्हणजे कलावंताने काही महिने एखाद्या जागी राहावे, त्याला जागा व अन्न मिळावे आणि त्याने निश्चिंतपणे काम करावे, ती रीत आपल्याला नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की ही जागा आता जुन्या कारखान्यात शोधली जाते.

पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर ‘बातो लाव्हार’ नावाची एक मोडकळीस आलेली इमारत होती. पूर्वी तेथे पियानो बनत, असे सांगतात. पिकासोने 1907 सालचे आपले गाजलेले चित्र तेथे रंगविले. तेथे कलावंत गेले ते भाडे स्वस्त म्हणून. कोणी संस्थेने त्यांना बोलाविले नव्हते. ती इमारत 1970 साली जळाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बेल टेलिफोन कंपनीच्या जुन्या प्रयोगशाळेत कलावंतांसाठी 384 बिऱ्हाडांची ‘वेस्टबेथ’ ही वसाहत सुरू झाली. गरिबीने शोधलेली वाट पुढे योजना झाली, ती अशी. आपल्याकडे कोचीला 2012 पासून बिएनाले भरते ती आस्पिनवॉल या व्यापारी कंपनीच्या जुन्या वखारीत, आणि जवळच्या ‘पेपर हाऊस’मध्ये कलावंत राहून काम करतात. मुंबईत माझगावच्या गोदी-गुदामांच्या वस्तीत ‘स्पेस 118’ ही अशीच निवासी कार्यशाळा निघाली.

येथवर ठीक. परंतु मुंबईचे नाव निघाले म्हणजे गिरणगाव टाळून पुढे जाता येत नाही.

ताडदेवला 1856 साली मुंबईतील पहिली कापडगिरणी चालू झाली. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. पुढे प्रश्न आला जमिनीचा. 1991 च्या नियमाने ठरविले की गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना आणि एक मालकाला मिळावा. 2001 साली या वाटणीसाठी फक्त बांधकाम नसलेली जमीन मोजावयाची, असा बदल झाला, आणि पहिले दोन हिस्से आक्रसले. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. फिनिक्स गिरणीच्या जागी बाजार उभा राहिला. चिमणी तेवढी राहिली. कुलाब्याची मुकेश मिल चित्रपटवाल्यांना पडकी म्हणूनच आवडली.

अशा पडक्या गिरणीत कलावंताने येऊन राहावे, हे ऐकताना आमच्या मनात एक खट्याळ प्रश्न येतो. तेथे आधी कोण राहत होते? गिरणगाव काही कलेवाचून ओस नव्हते. अण्णाभाऊ साठे गिरणीत राबले आणि 1944 साली अमर शेख व गव्हाणकरांसह ‘लाल बावटा कलापथक’ घेऊन उभे राहिले. नारायण सुर्वे याच वस्तीत वाढले. दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके होत, चाळीच्या खोलीत पाळी संपवून आलेले लोक भजनाला बसत. तीन महिने नव्हे, तीस तीस वर्षे तेथे ‘निवासी’ असलेले हे कलावंत. त्यांच्या रेसिडेन्सीचे पत्रक कोणी छापले नाही. ठाण्याचे डॉक्टर-चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी 2001 साली ‘लोअर परळ’ हे चित्र केले. बदलत्या गिरणगावाकडे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले.

म्हणून आमचे माप एकच. ज्यांनी त्या भिंतीत घाम गाळला ते नव्या व्यवस्थेत दिसतात की नाही? 1875 साली बांधलेल्या ससून गोदीत 2017 च्या अखेरीस चित्रकार जमले, तेव्हा मासळीचा बाजार चालूच होता. कोळी स्त्री-पुरुषांची मोठमोठी छायाचित्रे भिंतींवर लागली. मासळीच्या वासावरही कलाकृती झाली. त्या मापाला हा प्रयोग बराचसा उतरतो. गुळगुळीत फरशीवर चिमणीचे चित्र टांगणारे पुष्कळसे उद्योग मात्र उतरत नाहीत.

आणि नाशिक रोड? येथे तर ‘प्रेस’ म्हटले की निराळे नाव सांगावे लागत नाही. हिंदुस्थानची टपाल तिकिटे कित्येक दशके लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात. 1925 च्या सुमारास ते काम या गावी आले, आणि 1928 साली नोटांचा छापखाना उभा राहिला. 2006 साली दोन्ही सरकारी महामंडळाकडे गेले, पण यंत्रे थांबली नाहीत. तिकिटांची चित्रे रेखाटणारे कलावंत पगारपत्रकावर, यंत्रावरच्या माणसांच्या शेजारी, त्याच भोंग्यावर आत जाणारे. कारखाना बंद पडल्यावर कला आत आली, असे येथे झाले नाही. दोघांनी संसार एकदमच मांडला.

हा संसार सोपा नव्हता. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, तिरंग्याचे, 21 नोव्हेंबर 1947 ला निघाले ते येथेच छापलेले. पण पुढच्या 15 ऑगस्टला गांधीजींची तिकिटे काढावयाची ठरली, तेव्हा ती स्वित्झर्लंडच्या कूर्व्होझिए छापखान्यात छापून आणावी लागली. चित्रातील छायाप्रकाश जसाच्या तसा उतरविणारी फोटोग्रॅव्ह्यूरची पद्धत नाशिक रोडला अजून आली नव्हती. ती आली, आणि 1 ऑक्टोबर 1952 रोजी संतकवींची माला याच प्रेसमधून बाहेर पडली. कबीर नऊ पैला, तुलसीदास एक आण्याला, मीराबाई दोन आण्यांना, सूरदास चार आण्यांना, गालिब साडेचार आण्यांना आणि रवींद्रनाथ बारा आण्यांना.