सोडियम : उच्च दाबाखालील इलेक्ट्रॉनीय संरचना

साध्या धातूंतील संयुजा इलेक्ट्रॉन जवळजवळ मुक्त असतात, या सिद्धांताचा आदर्श नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत ज्याला अढळ स्थान लाभले, तो सोडियम हा धातू सुमारे २०० गिगापास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ २० लक्ष पट, दाबाखाली धातुत्व टाकून पारदर्शक निरोधक होतो.

पूर्वेतिहास : व्हिग्नर व साइट्स यांनी १९३३ मध्ये सोडियमाच्या संरचनेचे पुंजयामिकीय गणित मांडले. धातू जितका दाबावा तितके त्याचे इलेक्ट्रॉन अधिक मुक्त होतील, अशी समजूत पुढे दीर्घकाळ कायम राहिली. तिला तात्त्विक आव्हान नीटन व अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी १९९९ मध्ये लिथियमाविषयी व २००१ मध्ये सोडियमाविषयी दिले.

कारणमीमांसा : अणू परस्परांच्या अतिनिकट आले म्हणजे त्यांचे भरलेले आंतरिक कवच एकमेकांस भिडू लागते, पाउलीच्या अपवर्जन तत्त्वामुळे संयुजा इलेक्ट्रॉनांस त्या प्रदेशात मज्जाव असल्याने ते स्फटिकातील मोकळ्या पोकळ्यांत लोटले जातात, आणि तेथेच स्थानबद्ध झाल्यामुळे भरलेल्या व रिक्त ऊर्जापट्टांमध्ये अंतर पडते. ३एस कक्षकांचे ३पी व ३डी कक्षकांशी होणारे संकरण यास पोषक ठरते. या दोन कारणांपैकी कोणास किती महत्त्व द्यावे, याविषयी अभ्यासकांत मतैक्य नाही.

प्रायोगिक पुरावा : हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये नमुना दाबून व क्ष-किरण विवर्तनाने त्याची संरचना पाहून असे आढळले, की सामान्य स्थितीतील शरीरकेंद्रित घन जालक सुमारे ६५ गिगापास्कलला पृष्ठकेंद्रित घन होते व सुमारे १०३ गिगापास्कलला तेही मोडून कमी सममितीची रचना अवतरते. वितळणबिंदूचे वर्तन त्याहून लक्षणीय आहे : तो सुमारे ३० गिगापास्कलला १,००० केल्व्हिनच्या आसपास पोचतो, परंतु पुढे उतरत जाऊन ११८ गिगापास्कलच्या सुमारास कक्ष तापमानाजवळ, म्हणजे ३०० केल्व्हिनच्या आसपास येतो (ग्रेगोर्यांझ व सहकारी, २००५). पारदर्शक अवस्थेची नोंद मा, एरेमेट्स, ओगानोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केली. तेव्हा नमुन्याची घनता मूळच्या सुमारे पाचपट होती.

इतर धातू : लिथियम सुमारे ८० गिगापास्कलला अर्धसंवाहक होते (मात्सुओका व शिमिझू, २००९). सीझियमात ४.२ गिगापास्कलजवळ होणाऱ्या आकुंचनाचे श्रेय एस इलेक्ट्रॉनांच्या डी पट्टाकडे होणाऱ्या स्थलांतरास दिले जाते.

उपयोग : व्यावहारिक उपयोग नाही.

मूल्यमापन : मुक्त इलेक्ट्रॉनांचा सिद्धांत खोटा ठरला असे यावरून म्हणता येत नाही, त्याची हद्द मात्र निश्चित झाली. ‘साधा धातू’ हे सोडियमाचे वर्णन सामान्य दाबापुरतेच खरे आहे.