केडगावचे उलटे खिळे

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ट्रॅक्टर निघतात, उमापुरातूनही. मुकादमाची उचल घरात येऊन संपलेली असते. ट्रॉलीत भांडी, पत्रे, शेळी आणि पोरं. आईबापाच्या कोयत्यामागे तूही कधी नगर ओलांडून दौंड तालुक्यात गेली असशील. केडगाव तुला माहीत आहे ते उसासाठी आणि गुऱ्हाळांसाठी. आज तिथेच चल, पण साल १९२२ धर. मार्च सरत आलाय, उन्हाचा कडाका आहे.

बीडवर सध्या निजामाचं राज्य आहे, म्हणजे तू परमुलखातून इंग्रजांच्या हद्दीत आलीस. केडगाव स्टेशनवर उतरून चालायला लागलीस की मुक्ती सदनाचं आवार लागतं. विहिरी, शेतं, शाळा. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत इथे आणलेल्या मुली आता मोठ्या बाया झाल्यात. कुणी विचारत नाही तू कुणाची. एकच प्रश्न येतो: वाचता येतं का?

येतं म्हटल्यावर तुला छापखान्यात नेतात आणि केससमोर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीसमोर, उभं करतात. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी; उजव्या हाताने खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलायचा. अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. क सापडतो, कि-की चा घोळ होतो, आणि जोडाक्षरं आली की घाम फुटतो. खण डोळ्यांनी शोधत बसलीस तर दिवसात पान होणार नाही. ते बोटांनाच पाठ व्हावे लागतात, जसं उसाचं बूड कोयत्याला न बघता सापडतं. दुपारपर्यंत बोटं शिशाने काळी. शेजारची बाई तुझी ओळ बघते, एक खिळा चिमट्याने काढते, दुसरा बसवते. रागवत नाही.

मग दारात एक ठेंगणी बाई येते. पांढरं लुगडं, आखूड केस, वय ६३. सगळ्या तिच्याशी मोठ्याने बोलतात, कारण तिला ऐकू कमी येतं. ही पंडिता रमाबाई. ओलं प्रूफ तिच्या हातात दे आणि बाजूला उभी राहा.

ती वाचते तेव्हा तिच्या डोक्यात किती भाषा जाग्या असतील! वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळी खवळली होती. आईने मुलीला शिकवलं. भागवताचे १८,००० श्लोक पाठ. १८७४ च्या दुष्काळात आईबाप गेले, मग भाऊ श्रीनिवासबरोबर ती देशभर पायी हिंडली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुण्याने तोंड फिरवलं. तिने विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनावरून ‘केसरी’ने जे रान उठवलं, ते आज वाचताना माझ्यासारख्या पुणेरी वाचकालाही खाली बघावं लागतं.

हातातलं प्रूफ रमाबाईंनी मराठीत आणलेल्या बायबलचं आहे. बायबल मराठीत आधी नव्हतं असं नाही. श्रीरामपूरला, म्हणजे नगरच्या नव्हे, बंगालच्या, विल्यम केरीने १८११ सालीच नवा करार छापला होता. पण रमाबाईंना ती भाषांतरं जड वाटत. संस्कृत शब्द ओळीत आला की त्याच्यामागून अख्खं शास्त्र आत शिरतं, हे शास्त्र्याच्या पोरीइतकं कुणाला कळणार? म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सगळं नव्याने लिहायला बसल्या: न शिकलेल्या बाईला ऐकूनच समजेल अशा मराठीत. सोपं लिहिण्याचा अधिकार त्यांनी इतकं अवघड शिकून कमावला होता. या कामात अठराएक वर्षं गेली. भाषांतर मुळाला इतकं चिकटून आहे की जागोजागी अडखळायला होतं, हे खरं. पण एका बाईने एकटीने सगळं बायबल उतरवलं आणि ते बायकांनीच खिळा खिळा जुळवलं, याला जगात जोड सापडणं कठीण.

प्रूफ परत येतं. समासात तीन दुरुस्त्या, त्यातली एक तुझी: ‘कि’ची ‘की’. बाई काही बोलत नाहीत. गेल्या जुलैत त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. सदनाचं काम तिच्यावर सोपवायचं होतं, ते आता स्वतःच बघायचंय. छातीत कफ आहे. केडगावात सांगतात की त्यांनी देवाकडे प्रुफांसाठी फक्त दहा दिवस मागितले.

तू रोज स्टिक भरतेस. शेवटची पानं जातात, येतात, पुन्हा जातात. ५ एप्रिलच्या सकाळी छापखान्यात कुणी केसला हात लावत नाही. बाई रात्री झोपेतच गेल्या.

ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मुख्यतः बायबल सोसायटीचं भाषांतर वाचलं जातं. रमाबाईंचं फार थोड्यांच्या हाती पडलं. मुक्ती मिशन मात्र अजून चालू आहे. पुढच्या हंगामात कोयता दौंडकडे निघाला, तर एक सुट्टी काढून आत जाऊन ये. स्टेशनपासून लांब नाही.