हिमक्रीडेतील पूर्वप्रशिक्षणाचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : वर्धा जिल्हा)

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात बर्फाला स्थान नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २३४ मीटर उंचीवर वसलेले वर्धा शहर उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास तापते. येथील माणसाची बर्फाशी ओळख होते ती बहुधा प्रवासात. गेल्या काही दशकांत रेल्वे व विमानसेवेचा विस्तार झाला, मध्यमवर्गाच्या हाती सुट्टी व पैसा आला आणि काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड येथील हिवाळी सहली विदर्भातील कुटुंबांच्याही आवाक्यात आल्या. बर्फ पाहणे एवढाच पूर्वी ज्या सहलीचा हेतू असे, तिच्यात आता बर्फावरून घसरण्याच्या खेळाची, म्हणजे स्कीइंगची, भर पडली आहे. यातूनच एक व्यावहारिक प्रश्न निर्माण होतो. ज्याने आयुष्यात कधी स्की पायाला बांधली नाही, त्याने सहलीला जाण्यापूर्वी प्रशिक्षण घ्यावे काय? की उतारावर उभे राहून, पडत-धडपडत शिकावे?

वरवर पाहता हा प्रश्न केवळ पर्यटनाचा वाटतो. परंतु या खेळाच्या इतिहासात त्याचे उत्तर दडलेले आहे. शिवाय ‘आधी शिक्षण की आधी कृती’ हा वाद वर्धा जिल्ह्याला नवीन नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांनी विषयाची मांडणी केली आहे.

खेळाचा उगम व शाळेचा उदय

‘स्की’ हा शब्द नॉर्वेजियन भाषेतील असून त्याचा मूळ अर्थ चिरलेले लाकूड, फळी असा आहे. उत्तर युरोपात स्की हे हजारो वर्षे प्रवासाचे व शिकारीचे साधन होते. जेथे वर्षातील अनेक महिने घराच्या दारापर्यंत बर्फ असे, तेथे मूल चालायला शिकते तसे स्कीवर उभे राहायलाही शिके. तेथे स्वतंत्र शिक्षकाची गरज भासली नाही. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क प्रदेशातील सोंद्रे नॉरहाइम याने टाच पक्की धरणारी बांधणी वापरून वळण्याचे कौशल्य विकसित केले. १८६८ मध्ये ख्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) येथील स्पर्धेत त्याने ते राजधानीला दाखवले. हे ज्ञानही अनुकरणातूनच पसरत होते.

१८८८ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेन याने स्कीच्या साहाय्याने ग्रीनलँड ओलांडले. त्याच्या प्रवासवृत्तान्ताने मध्य युरोपात या साधनाविषयी विलक्षण कुतूहल निर्माण झाले. मात्र नॉर्वेतील लांब स्की आल्प्सच्या तीव्र उतारांवर गैरसोयीच्या ठरल्या. ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ड येथे राहणाऱ्या माथियास झ्दार्स्की याने स्कीची लांबी कमी केली, बांधणी सुधारली आणि १८९६ मध्ये आपल्या तंत्रावर पुस्तक प्रसिद्ध केले. वेग आवरणे, वळणे आणि थांबणे यांची क्रमवार शिकवण त्यात होती. त्यानंतर सेंट अँटोन येथील हानेस श्नायडर याने पहिल्या महायुद्धात सैनिकांना स्कीइंग शिकवले आणि युद्धोत्तर काळात तोच अनुभव नागरी शिक्षणात आणला. १९२० च्या दशकारंभी त्याने चालवलेल्या शाळेत नवशिके, मध्यम व प्रगत असे वर्ग पाडले जात. विद्यार्थ्याला एक पायरी जमल्याखेरीज पुढच्या उतारावर नेले जात नसे. ‘आर्लबर्ग पद्धती’ या नावाने ही शिक्षणपद्धती जगभर गेली.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. स्कीइंगची शाळा ज्या काळात उदयास आली, त्याच काळात स्कीइंगचे पर्यटनही उदयास आले. आल्प्समध्ये येणारा नवा शिकाऊ हा व्हिएन्ना, लंडन यांसारख्या शहरांतून आठ-पंधरा दिवसांसाठी आलेला पाहुणा होता. बर्फात वाढण्याचा जो दीर्घ अवधी नॉर्वेतील मुलाला मिळत होता, तो त्याच्याजवळ नव्हता. त्या अवधीची उणीव भरून काढण्यासाठी शाळा जन्माला आली. म्हणजेच प्रशिक्षण हे सुट्टीवर येणाऱ्या परक्या माणसाचीच गरज म्हणून विकसित झाले. या दृष्टीने पाहिले असता वर्ध्याहून जाणारा पर्यटक हा व्हिएन्नाच्या पर्यटकापेक्षाही बर्फाला अधिक परका आहे.

भारतातील परंपरा

भारतात या खेळाचा प्रवेश ब्रिटिश अधिकाऱ्यांमार्फत झाला. १९२७ मध्ये गुलमर्ग येथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ची स्थापना झाली. तो प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या रजेतील करमणुकीचा भाग होता. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात बर्फाच्छादित प्रदेशात लढण्याच्या अडचणी लष्कराच्या लक्षात आल्या आणि डिसेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने गुलमर्ग येथे लष्करी स्की शाळा सुरू झाली. हीच संस्था पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ म्हणून विकसित झाली. स्वतंत्र भारतात स्कीइंगचा पाया अशा रीतीने शाळेतच घातला गेला.

गिर्यारोहणाच्या क्षेत्रातील एक घटना येथे उद्बोधक ठरते. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे यांनी एडमंड हिलरी यांच्यासह एव्हरेस्ट सर केले. पुढील वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटची स्थापना झाली व तेनसिंग तेथील क्षेत्रीय प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. तत्पूर्वी त्यांना स्वित्झर्लंडमधील रोझेनलाउई येथे आर्नोल्ड ग्लाथार्ड यांच्या शाळेत पाठवण्यात आले. जगातील सर्वोच्च शिखरावर पाऊल ठेवलेल्या माणसालाही दुसऱ्यास शिकवण्यासाठी शाळेत बसावे लागले. स्वतः करता येणे आणि इतरांना शिकवता येणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. ‘मित्राला येते, तो शिकवील’ या भरवशावर सहलीला निघणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

पुढे १९६१ मध्ये मनाली येथे आणि १९६८ मध्ये केंद्रीय पर्यटन विभागामार्फत गुलमर्ग येथे प्रशिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. उत्तराखंडातील औली हेही स्कीइंगचे केंद्र बनले. या ठिकाणी प्राथमिक ते प्रगत असे साधारणतः एक ते दोन आठवड्यांचे अभ्यासक्रम चालवले जात आले आहेत. गुलमर्गच्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर अफरवट पर्वताकडे नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. पूर्वी उंच उतार गाठण्यासाठी तासन्‌तास चढावे लागे आणि त्या चढाईतच माणसाची परीक्षा होई. रज्जुमार्गाने ही नैसर्गिक चाळणी नाहीशी केली. आता तिकीट काढणारा कोणीही काही मिनिटांत अशा उंचीवर पोहोचतो, जेथून उतरण्याचे कौशल्य त्याच्याजवळ असेलच असे नाही.

वर्ध्याचा वाद : कृतीतून शिक्षण

पूर्वप्रशिक्षणाविरुद्ध एक सबळ युक्तिवाद वर्ध्याच्याच भूमीतून करता येतो. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाचा विचार मांडला. डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले आणि ‘वर्धा योजना’ किंवा ‘नई तालीम’ या नावाने ती देशभर चर्चिली गेली. काम करता करता शिकावे, हा तिचा गाभा होता. मग स्कीइंगही स्कीइंग करूनच शिकावे, असे कोणी म्हटल्यास काय उत्तर द्यावे?

हे म्हणणे अर्धे खरे आहे. वर्ध्यात बसून, पुस्तक वाचून किंवा चित्रफीत पाहून स्कीइंग येणार नाही. तथापि नई तालीममध्ये मुलाला कामापुढे एकटे सोडून दिले जात नव्हते. कामाची क्रमवार आखणी आणि तयार केलेला शिक्षक हे तिचे अविभाज्य घटक होते. झाकिर हुसेन समितीने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा स्वतंत्र विचार केला, तो याच कारणासाठी. शिवाय चुकीची किंमत सर्वत्र सारखी नसते. टकळीवर सूत तुटले तर ते पुन्हा जोडता येते. उतारावर गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांचे उपचार यांना सामोरे जावे लागते, आणि गुडघ्याची दुखापत ही तर या खेळातील नेहमीची दुखापत आहे.

गांधीजींच्या राजकीय जीवनातही हाच प्रश्न उभा राहिला होता. १९१९ च्या आंदोलनात हिंसाचार उसळल्यावर, लोकांची पुरेशी तयारी होण्यापूर्वीच त्यांना सविनय कायदेभंगाची हाक दिली, ही आपली पर्वतप्राय चूक झाली, असे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. आत्मकथेच्या इंग्रजी अनुवादात या चुकीला हिमालयाचेच विशेषण लावलेले आहे. त्यानंतर दोन दशकांनी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ झाला, तेव्हा पहिले सत्याग्रही म्हणून पवनार येथील विनोबा भावे यांची निवड झाली. विनोबांच्या मागे सुमारे पाव शतकाचे आश्रमजीवन होते. सत्याग्रह आणि सुट्टीतील खेळ यांची तुलना करणे हा येथे हेतू नाही. परंतु ज्या कृतीतील चुकीचा फटका इतरांनाही बसतो, तिच्यासाठी तयारी आधी हवी, हा विचार या जिल्ह्याच्या इतिहासात ठळकपणे नोंदला गेला आहे.

प्रशिक्षण कशासाठी?

नवशिक्याच्या प्राथमिक पाठात स्की बांधणे व सोडणे, सुरक्षितपणे पडणे, पडल्यावर उठणे, दोन्ही स्कींची पुढील टोके जवळ व मागील टोके दूर ठेवून नांगराच्या आकारात वेग आवरणे, वळणे आणि थांबणे या गोष्टी येतात. यांपैकी थांबण्याची क्रिया सर्वांत महत्त्वाची. ज्याला थांबता येत नाही तो स्वतःइतकाच इतरांनाही धोकादायक असतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये उतारावरील वर्तनाचे नियम स्वीकारले. स्वतःच्या कुवतीनुसार वेग ठेवावा, वरून येणाऱ्याने खालच्या व्यक्तीचा मार्ग सांभाळावा, असे त्यांत सांगितले आहे. वेग आवरण्याचे शिक्षण नसलेल्या माणसाला हे नियम पाळणे शक्यच नाही. म्हणून प्रशिक्षण हा केवळ स्वतःच्या सोयीचा विषय राहत नाही. त्याला सार्वजनिक जबाबदारीचे स्वरूप येते.

त्याचबरोबर प्रशिक्षणाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर झालेल्या हिमप्रपातात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या परिसरात हिमप्रपाताने प्रशिक्षणातील दहाहून अधिक जवानांचा बळी घेतला. तंत्र अवगत असले तरी पर्वत माणसाच्या आज्ञेत राहत नाही. चार दिवसांच्या पाठानंतर येणारा फाजील आत्मविश्वास अज्ञानाइतकाच घातक ठरू शकतो. आखून दिलेला उतार सोडू नये आणि हिमप्रपाताच्या इशाऱ्याविरुद्ध जाऊ नये, हे शिक्षणाचेच अंग होय.

निष्कर्ष

१. स्कीइंगचे पद्धतशीर शिक्षण बर्फापासून दूर राहणाऱ्या पर्यटकाच्या गरजेतून वाढले. त्यामुळे वर्धा जिल्ह्यातील नवशिक्याला ते अनावश्यक मानता येत नाही.

२. बर्फावरील शिक्षण वर्ध्यात घेता येणे शक्य नाही. म्हणून ‘सहलीपूर्वी प्रशिक्षण’ याचा अर्थ येथील पर्यटकासाठी ‘सहलीच्या आरंभी प्रशिक्षण’ असा घ्यावा लागतो. सहलीचे पहिले दिवस मान्यताप्राप्त प्रशिक्षकाच्या हाताखाली काढावेत. शक्य असल्यास सहलीऐवजी अभ्यासक्रमच निवडावा.

३. शरीराची तयारी मात्र घरीच करता येते. मांड्या, पोटऱ्या व कंबर यांचे बळ या खेळाला लागते आणि आखाड्यातील बैठका त्यासाठी आजही उपयुक्त आहेत. शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून कार्यरत असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परंपरेमुळे व्यायामशिक्षणाची जाण या परिसरात रुजलेली आहे. सुमारे २६५० मीटर उंचीच्या गुलमर्गला पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवणे हाही तयारीचाच भाग समजावा.

४. खर्च व वेळ वाचवण्यासाठी तासाभराच्या भाड्याने स्की घेऊन उंच उतारावर जाणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. सुट्टी आठ दिवसांची असली तरी मोडलेल्या गुडघ्याचा हिशोब वर्षानुवर्षे चालतो.

कृतीतून शिकावे हा वर्ध्याचा वारसा आहे. ती कृती जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने व्हावी, हाही त्याच वारशाचा भाग आहे. बर्फावर प्रथमच उभे राहणाऱ्या वऱ्हाडी पावलाला या दोन्हींची गरज आहे.