हातोड्यातून वाचलेली यंत्रे

सॅन फ्रान्सिस्को शहरात मार्केट स्ट्रीट, बुश आणि बॅटरी हे तीन रस्ते जिथे मिळतात, तिथे राज्य सरकारचा एक फलक आहे. कॅलिफोर्नियाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचा क्रमांक ९३७. चार्ल्स ऑगस्ट फे याने १८९४ मध्ये स्लॉट मशिन बनवायला सुरुवात केली आणि ४०६, मार्केट स्ट्रीट इथल्या आपल्या कारखान्यात १८९८ मध्ये तीन चक्रांचे पहिले घंटाछाप यंत्र तयार केले, अशी नोंद त्यावर आहे. लोकप्रिय पुस्तकांत मात्र हेच साल १८९५ असे सर्रास छापले जाते. फेचा नातू मार्शल फे याने आयुष्यभर या यंत्रांचा शोध घेऊन त्यांचा सचित्र इतिहास लिहिला. त्याने १८९९ हे साल धरले. शोध एकच, शोधकही एकच, आणि साले तीन.

असा घोळ का व्हावा? एरवी एखाद्या यंत्राचा जन्म शोधायचा तर अभ्यासक आधी पेटंट कचेरीचे दप्तर उघडतो. तिथे तारीख असते, आकृत्या असतात, शोधकाची सही असते. इथे तो रस्ताच बंद होता, आणि कोणी बंद केला हे सांगणारे कागद उपलब्ध आहेत. १८९७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयापुढे 'रिलायन्स नॉव्हेल्टी कंपनी विरुद्ध ड्वोरझेक' हा खटला आला. वाद पत्त्यांचा डाव दाखवणाऱ्या, नाणे टाकून चालणाऱ्या यंत्राच्या पेटंटचा. पेटंट मिळायला वस्तू उपयुक्त असावी लागते, आणि जुगार हाच जिचा एकमेव उपयोग ती वस्तू कायद्याच्या नजरेत उपयुक्त नव्हे, असे ठरवून न्यायालयाने ते पेटंट रद्द केले. त्याच वर्षी त्याच न्यायालयात 'शुल्झ विरुद्ध होल्ट्झ' या खटल्यात स्लॉट मशिनमधून नाणे परत देणाऱ्या रचनेचे पेटंटही गेले. फेच्या गावात, त्याच्याच धंद्यातल्या लोकांबाबतचे हे निकाल. हे पाहिल्यावर तो आपल्या यंत्राचा कागद घेऊन सरकारदारी का गेला नसावा, हे वेगळे सांगायला नको. हा माझा तर्क आहे, पण तो या दोन निकालांवर उभा आहे. अमेरिकी पेटंट कचेरीच्या अपील मंडळाने ही भूमिका सोडली ती १९७७ मध्ये, 'एक्स पार्टे मर्फी' या प्रकरणात. तेव्हा पुढे आलेले यंत्रही एक स्लॉट मशिनच होते.

फे मूळचा बव्हेरियाचा. त्याच्या त्या घंटाछाप यंत्रात, म्हणजे 'लिबर्टी बेल'मध्ये, तीन चक्रे होती आणि त्यांवर घोड्याचे नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि तडा गेलेली घंटा अशी चित्रे. पाच सेंटचे नाणे टाकायचे, दांडी ओढायची. तीन घंटा एका ओळीत आल्या की यंत्र स्वतःच दहा नाणी बाहेर टाकी. खरे कसब या 'स्वतःच' मध्ये होते. आधीच्या पत्त्यांच्या यंत्रांत जिंकण्याचे प्रकार इतके होते की बक्षीस गल्ल्यावरच्या माणसालाच द्यावे लागे. फेने चित्रे कमी केली, चक्रे तीनवर आणली, आणि हिशेब लोखंडाच्या आवाक्यात बसवला. तो यंत्रे विकत नसे. गुत्त्यांत ठेवून कमाईत वाटा घेई. म्हणून विक्रीच्या पावत्याही फारशा निर्माण झाल्या नसाव्यात. मग १८ एप्रिल १९०६ चा भूकंप आणि त्यामागून लागलेली आग आली. त्यात कारखाना गेला आणि बरीच यंत्रेही गेली. पॉवेल स्ट्रीटवरच्या एका गुत्त्यातून एक 'लिबर्टी बेल' चोरीला गेली आणि शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीकडे पोहोचली, ही कथा या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिला मी कथा एवढाच मान देतो. काही वर्षांतच मिल्सने त्याच धर्तीचे यंत्र मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले, हे मात्र निर्विवाद.

यानंतर बंदी आली: सॅन फ्रान्सिस्कोत १९०९ मध्ये, कॅलिफोर्नियाभर १९११ मध्ये. राज्याच्या दंड संहितेतले कलम ३३०-अ हे त्या १९११ चे. त्याची भाषा नीट वाचावी अशी आहे. ज्या यंत्राच्या फलितावर पैसा किंवा मोलाची वस्तू पणाला लावली जाते ते यंत्र ठेवणे, असा त्याचा रोख. गुन्ह्याच्या मध्यभागी पणाला लावलेला पैसा आहे.

मग धंद्याने पैशाचे रूप बदलले. यंत्राच्या बाजूला एक नळकांडे बसवले गेले आणि प्रत्येक नाण्यामागे च्युइंग गमची किंवा पेपरमिंटची पुडी मिळू लागली. हे जुगाराचे यंत्र नव्हे, गोळ्या विकणारे आहे, असा दावा. चक्रांवरची चेरी, संत्री, आलुबुखार ही फळे याच काळातली. ती गमच्या चवी दाखवत, आणि काळी 'बार' ही खूण 'बेल-फ्रूट गम'च्या छापावरून आली असे मानले जाते. आजच्या कॅसिनोतल्या पडद्यावर चेरी चमकते ती मुळात एका कायदेशीर पळवाटेची खूण आहे. या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटणारा पुरावा हाच. न्यायालयातला बचाव यंत्राच्या अंगावर चित्र होऊन राहिला, आणि बचाव विसरला गेल्यावरही चित्र टिकले.

न्यूयॉर्कमध्ये हीच गोळ्यांची यंत्रे फ्रँक कॉस्टेलो या माफिया म्होरक्याच्या हातात होती. फिओरेल्लो ला गार्डिया १ जानेवारी १९३४ ला महापौर झाला, आणि त्याच वर्षी त्याने जप्त यंत्रांवर स्वतः घण घातला. त्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत: ठेंगणा, जाडसर माणूस, दोन्ही हातांत मोठा हातोडा, पुढे यंत्रांचा ढीग. फोडलेली यंत्रे लाँग आयलंडजवळच्या समुद्रात बुडवली गेली. त्या वेळी या यंत्रांतला पैसा गुन्हेगारी टोळ्या पोसत होता, आणि महापौराचा राग खरा होता. तरीही आज ते छायाचित्र पाहताना नजर ढिगाकडे जाते. ओतीव धातूच्या त्या दर्शनी भागांवरची नक्षी, त्यातले पितळी काम... संग्राहक आज ज्यासाठी जीव टाकतात, ते तिथे फुटताना दिसते.

महायुद्धानंतर कायद्याने पवित्रा बदलला. कॅलिफोर्नियाने १९५० मध्ये कलम ३३०-ब आणले. यंत्र बनवणे, दुरुस्त करणे, मालकीचे असणे, साठवणे, ताब्यात ठेवणे, विकणे, भाड्याने देणे, उसने देणे, बक्षीस देणे, वाहून नेणे, सगळे गुन्ह्यात आले. पैसा पणाला लागला की नाही हा प्रश्नच मागे पडला. व्याख्याही अशी की सहज बदल करून जे जुगाराजोगे करता येईल तेही यंत्र स्लॉट मशिनच. शिवाय त्या यंत्रातून माल मिळो, वजन कळो किंवा करमणूक होवो, त्याने फरक पडणार नाही, असे व्याख्येच्या शेपटाला जोडलेले आहे. हे शेपूट वाचले की चाळीस वर्षांतल्या गमच्या पुड्या आणि वजनकाटे डोळ्यांपुढे उभे राहतात. पळवाटांची इतकी चोख यादी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आपल्याकडच्या १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याशी ताडून पाहिले तर फरक लख्ख दिसतो. तिथे जुगाराचे साधन म्हणजे जुगारासाठी वापरलेली किंवा वापरण्याच्या हेतूने ठेवलेली वस्तू. हेतू हा व्याख्येतच आहे. कॅलिफोर्नियाने १९५० मध्ये हेतू काढून टाकला. आजोबांच्या गुत्त्यातले बंद पडलेले यंत्र माळ्यावर ठेवणारा नातू आणि टोळीचा वसुलीवाला एकाच कलमात आले. 'दुरुस्त करणे' हा शब्द तर थेट संग्राहकाच्या हातावर पडला, कारण गंजलेली स्प्रिंग बदलणे, घड्याळासारखी दातेरी चाके साफ करणे हेच त्याचे काम.

संघ सरकारचा जॉन्सन कायदा २ जानेवारी १९५१ चा. कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. राज्याबाहेर यंत्र नेण्यावर बंदी, नेल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एखाद्या राज्याने स्वतःचा कायदा करून सूट घेतली तरच अपवाद. यंत्रासाठीचा सुटा महत्त्वाचा भागही 'यंत्र' धरला जातो, म्हणजे चक्रांचा जुना संच टपालाने मागवण्याआधीही हा कायदा पाहावा लागतो. या कायद्याखालचा 'अमेरिका विरुद्ध पाच जुगार-यंत्रे' हा १९५३ चा निकाल मला फार बोलका वाटतो. एफबीआयने टेनेसीतल्या एका कंट्री क्लबमधून पाच यंत्रे उचलली. जप्तीचा दावा वस्तूंवर चालतो, म्हणून प्रतिवादी ती पाच यंत्रेच! ती दुसऱ्या राज्यातून आली होती याचा पुरावा सरकारने दिला नव्हता. राज्यांतर्गत व्यवहारांपर्यंत हात घालायचा काँग्रेसचा इरादा कायद्यात स्पष्ट नाही, असे न्यायमूर्ती जॅक्सन यांनी म्हटले, आणि सर्वोच्च न्यायालयात सरकार हरले.

पण राज्यांतली जप्ती थांबली नाही. कॅलिफोर्नियाच्या कलम ३३५-अ प्रमाणे यंत्र धरले की जागेवर नोटीस लावायची, तीस दिवस थांबायचे. तेवढ्यात कोणी ताब्यासाठी दावा केला नाही तर यंत्र थेट नष्ट करायचे आणि आतली नाणी खजिन्यात भरायची. दावा करणार कोण? ज्याने पुढे यावे तो आपल्या तोंडाने ताबा कबूल करणार, आणि ताबा हाच तर गुन्हा.

ही कोंडी फोडली ती कलम ३३०.७ ने. यंत्र पुराणवस्तू आहे आणि आपल्या ताब्यात असताना ते जुगाराला वापरले गेले नाही, एवढे आरोपीने दाखवले की तो सुटतो. पुराणवस्तू म्हणजे पंचवीस वर्षांहून जुने यंत्र. त्याहून महत्त्वाचे दुसरे पोटकलम: हा बचाव घेतला की न्यायालयाचा अंतिम निर्णय होईपर्यंत पोलिसांनी यंत्र नष्ट करायचे नाही, त्यात फेरफारही करायचे नाहीत, बचाव टिकला तर ते परत द्यायचे. हातोडा पहिल्यांदाच थांबला. तिसऱ्या पोटकलमात कारणही दिले आहे: या यंत्रांचे सौंदर्य आणि कॅलिफोर्नियाच्या इतिहासातले त्यांचे महत्त्व. पेटंट रद्द करताना ज्यात उपयोगच दिसला नव्हता, त्यात दंड संहितेने सौंदर्य पाहिले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

सगळ्या राज्यांनी एकच रेघ ओढलेली नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात पुराणवस्तू म्हणजे १९४१ पूर्वी बनलेले यंत्र. हे साल उगाच आलेले नसावे. १९४२ मध्ये युद्ध उत्पादन मंडळाने करमणुकीच्या आणि जुगाराच्या यंत्रांचे उत्पादन थोपवले आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. लोखंडी चक्रांच्या यंत्रांची एक पिढी तिथे संपते. माझे मत त्या रेघेच्या बाजूचे आहे. पंचवीस वर्षांची सरकती मुदत दरवर्षी नवी यंत्रे आत घेते. आता तर विसाव्या शतकाच्या शेवटची इलेक्ट्रॉनिक यंत्रेही तिच्यात बसतात, आणि त्यांना मिल्सच्या यंत्रांशेजारी बसवणे इतिहासाला धरून नाही. पण सरकत्या मुदतीने राखलेली यंत्रे जास्त, हेही खरे.

दोन्ही ठिकाणी पुराव्याचा भार संग्राहकावर आहे. यंत्राचे वय त्याने सिद्ध करायचे. इथे जॉन्सन कायद्याचीच एक तरतूद त्याच्या मदतीला येते: प्रत्येक यंत्रावर अनुक्रमांक, बनवणाऱ्याचे नाव आणि उत्पादनाची तारीख कायमची उमटवणे आज उत्पादकाला सक्तीचे आहे. वाहतुकीवर नजर ठेवण्यासाठी घातलेला हा नियम आता वयाचा दाखला देतो. त्याआधीच्या यंत्रांसाठी मात्र संग्राहकाला ओतीव दर्शनी भागामागचा आकडा, जुन्या जाहिराती, विक्रीची सूचीपत्रे, कुठे मिळालीच तर एखादी पावती, असे एकेक जुळवत जावे लागते.